बाळंतिणीचा बंब

२ जानेवारी १९९७

नाही म्हणाल्या! सरळ नाही. जावई केदारनाथ आष्टीहून मुद्दाम निरोप घेऊन आले. विहीणबाई चंद्रभागाबाईंचे शब्द जसेच्या तसे — "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, आमाला बी ठाऊक हाय. पन त्या धुराच्या न्हाणीत पोरीला न्हाई पाठवायची."

राग आला, पण बोलणार काय? दिवाळीला ईश्वरी आली होती, तेव्हा न्हाणीत खोकून खोकून काळीनिळी पडली. लहानपणापासून दमेकरी पोर माझी. न्हाणीवरचे पत्रे काढून यांनी हौसेनं स्लॅब टाकला, आणि बंबाच्या धुराला वाट ठेवायची राहिली ती राहिलीच. त्यात बंबाची मधली नळी सडलेली. पाणी ठिबकतं निखाऱ्यावर, मग धूर विचारूच नका.

फेब्रुवारीच्या मध्याला दिवस भरतात. केदारनाथ जाताना हळूच म्हणाले, "आई, धुराचं तेवढं बघा. मी समजावतो घरी." गुणी आहे पोरगा.

३ जानेवारी

यांना म्हटलं, नवा बंब आणा. "बघू." लग्न झाल्यापासून हा "बघू" ऐकतेय मी! मग म्हणे गिझर घेऊ, जग कुठं चाललंय. गेवराईत पहाटे लाईट असते कधी? गिझर काय हळदकुंकू लावून ठेवायचा? बाळंतिणीला कढत पाणी लागतं, बाळाचं वेगळं. बंबच हवा. आज यांच्याशी बोलणार नाही.

६ जानेवारी

बीडहून आणलाच यांनी! तांब्याचा, लखलखीत, माझ्या कमरेएवढा. अबोला मोडला.

पण धुराडं काढायचं कुठून? गवंडी बंकटनं सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. वर स्लॅब — फोडला तर पावसाळ्यात गळणार. उजवीकडं देवघर, लिंगपूजेला बसलेल्या माणसाच्या तोंडावर धूर सोडायचा का? डावीकडं स्वयंपाकघर. राहिली मागची भिंत. तिच्यामागं हातभर बोळ, आणि बोळापलीकडं यासीनभाईंचं फळांचं कोठार. "मागूनच काढू, काकू," बंकट म्हणाला. काढ बाबा.

९ जानेवारी

जुना बंब मोडीत, नवा जोडायचाय. थंड पाण्यानं अंघोळी. यांची पूजा आज भलतीच लवकर आटोपली. मंत्र कमी, दातांचाच आवाज जास्त! पदर तोंडात धरून हसले.

११ जानेवारी

पेटवला. धूर नळीतून बोळात गेला — आणि तसाच माघारी आला. बोळात वारं कोंडतं म्हणे. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले, अगदी लहान पोरीसारखी. धुरामुळं की कशामुळं, कुणी विचारू नये. बंकट म्हणतो, उद्या नळी लांबवतो.

१२ जानेवारी

जमलं!! न्हाणीत कणभर धूर नाही. यांना हाताला धरून ओढत नेलं, दाखवलं. "जमलं की," म्हणाले. यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे शाल-श्रीफळच समजायचं. केदारनाथांना लगेच पत्र टाकलं.

१४ जानेवारी

संक्रांत. बायकांची रीघ. हात दुखतोय, लिहीत नाही.

१५ जानेवारी

अगं आई गं! सकाळीच यासीनभाई दारात. "भाभी, तुमच्या बंबाचं धुराडं माझ्या कोठारात कावून आलंय?"

त्या बंकटनं नळी लांबवली ती बोळ ओलांडून थेट समोरच्या झरोक्यात खुपसली! कोठाराला कुलूप होतं, म्हणून म्हणे रिकामं वाटलं. यासीनभाई मालासाठी अर्धापूरला गेलते. आत हिरव्या केळ्यांचे घड, आणि त्यांच्यावर आमचा धूर रोज कोंडत होता.

आता भांडण होणार, नळी निघणार, ईश्वरी काही येत नाही. हे पुढं झाले, "यासीनभाई, चुकलंच आमचं —"

"चुकलं कशाचं? थंडीनं माल पिकंना झालता. रोजे सुरू झाले, इफ्तारीला लोक केळी मागत्यात, न् माझ्याकडं हिरवीगार. आज कुलूप काढलं तर समदी पिवळीधमक!"

मागून त्यांची बायको अकबरी म्हणाली, "पन भाभी, वास लई लागलाय. गिऱ्हाईक म्हनंल, केळं हाय का भाजलेलं वांगं!"

सगळेच हसलो. धूर आत नको, पण नळी त्यांच्या भिंतीवरून छपराच्या वर न्यायला यासीनभाईंनी हो म्हटलं. "ठोका खिळे खुशाल. ईश्वरी आमची बी पोर हाय."

१९ जानेवारी

नळी छपराच्या वर गेली, डोक्यावर पत्र्याची टोपी. बंकट वर चढला, आणि रोजा असून अकबरीनं शिडी धरली. धूर वर जाताना आम्ही दोघी माना वर करून बघत होतो.

२३ जानेवारी

न सांगता विहीणबाई आल्या! पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी न्हाणी. बंब पेटवायला लावला, दार लावून आत बसल्या. मी बाहेर, जीव मुठीत. किती वेळ! बाहेर आल्या, केस पुसत म्हणाल्या, "पानी चांगलं तापतंय."

बस्स. ना हो, ना नाही. गाडीत बसल्या, गेल्या. असं माणूस असतं का?

२५ जानेवारी

निरोप नाही.

२७ जानेवारी

यांच्या दुकानात फोन आला. ईश्वरी काल बाळंत झाली, आष्टीलाच. मुलगी! दोघी सुखरूप. तारखेच्या आधीच कळा आल्या.

आनंद केवढा, आणि तरी न्हाणीत गेले तर तो लखलखीत बंब बघवेना. कुणासाठी घासला एवढा? डिंकाचे लाडू बांधून घेतले. उद्या पहाटे निघते. सांगतील तितके दिवस राहीन, मग परत.

१ फेब्रुवारी, आष्टी

इथं पाणी अंगणात तापवतात. आज बाळंतिणीची पहिली अंघोळ. वारं लागू नये म्हणून विहीणबाईंनी चूल न्हाणीत घेतली, दार-खिडकी गच्च लावली. ईश्वरीला असा खोकला सुटला की त्यांनीच दार ढकलून तिला बाहेर आणलं. स्वतःचे डोळे लालबुंद.

मग बाळाला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं. "ईनबाई, दोघींना घेऊन जावा. म्या गाडी सांगितलीया."