बाळाची सीट

पप्पा, तुमच्या गाडीची मागची सीट मी कापली. आधी हेच सांगते, कारण आईने ते पाहिलंय आणि ती अजून माझ्याशी धड बोलत नाहीये. उल्हासनगरला दिवसभर कारागिराच्या डोक्यावर उभं राहून तुम्ही जे मरून रेक्झिनचं कव्हर चढवून घेतलं होतं, तेच. बेल्टची बक्कलं त्याच्याखाली दबून गेली होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मधे गाडीचं पासिंगही पुन्हा करून आणलं, पण मागे बेल्ट आहेत हे आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. हातात कटर घेऊन मी आत वाकले तेव्हा आई बेलवलीच्या आमच्या पार्किंगमध्ये दाराला धरून उभी होती. म्हणाली, "त्यांनी हौसेने केलंय गं ते. बाळाला मी घेते ना मांडीवर. तुला घरी आणलं तेव्हा कुठे होतं असलं काही?"

तुम्हाला नात झालीय. दिवस भरायच्या आधीच आली. उल्हासनगरच्या इस्पितळात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मी रोज दुधाची बाटली पिशवीत घालून जायचे, पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पायाला बोट लावायचे आणि परत यायचे. नवरा आखातात, त्याची सुट्टी पुढच्या महिन्यात. शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या, पण रिक्षाने नको, तिची मान अजून धरत नाही. पुण्याहून भावाने बाळाची सीट पाठवून दिली होती. परडीसारखी असते ती, गाडीत उलटी बसवायची, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. गाडीचा बेल्ट तिच्या पाठीमागून वळवून आणायचा आणि बक्कलात अडकवायचा. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम.

कव्हर कापलं, बक्कल वर काढलं, त्यातली माती झाडली. बेल्ट ओढला तर चार बोटं कमी पडला. दुसऱ्या बाजूचा ओढला, तोही तेवढाच. गुडघा सीटवर रोवून, सगळं अंग टाकून ओढला. घामाने हात सुटत होते, टाके दुखत होते, इस्पितळातून दोनदा फोन येऊन गेला होता, आणि आई मागून म्हणत होती, "हट्ट करतेयस तू." मी रडत नव्हते, पण बोलले असते तर रडले असते. मग सीटबरोबर आलेला कागद पुन्हा वाचला. त्यात होतं, पुढे एअरबॅग असेल तर तिथे ही सीट कधीही बसवू नका. पप्पा, तुमच्या गाडीत एअरबॅग कुठली? पुढचा बेल्ट लांब होता. गुंडाळून आला, खट्ट करून बसला. मी सीट धरून सगळ्या बाजूंनी हलवून पाहिली, तर तिच्याबरोबर गाडीच हलली.

इस्पितळात नर्सने तिला पट्ट्यांत बसवून दिलं. "हनुवटी छातीवर पडू देऊ नका हां मॅडम, श्वास अडकतो. बघत राहा," ती म्हणाली. बघत राहा! आणि रस्ता कोणी बघायचा? ते काम मी आईला दिलं. मागे मधोमध बसून, दोन्ही सीटच्या फटीतून पुढे वाकून ती बघत राहिली. "झोपलीय," दर थोड्या वेळाने सांगायची. आणि मी प्रत्येक वेळी विचारायचे, "झोपलीय की...?" पुढचा शब्द दोघींपैकी कुणीच उच्चारत नव्हतं.

अंबरनाथच्या पुढे एक टेम्पो न बघता कडेच्या गल्लीतून सरळ समोर आला. मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. बाळाची सीट किंचित डोलली आणि जागेवर राहिली. आई मात्र फटीतून पुढे आली, तिचं कपाळ माझ्या सीटच्या कडेवर आपटलं, आणि तिचे दोन्ही हात कुठेच काही न सापडता पार गिअरपर्यंत गेले. त्या रिकाम्या हातांकडे आम्ही दोघींनीही पाहिलं. बाळ रडायला लागलं. ते रडणं ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी आईवर ओरडले, "नीट धरून बसता येत नाही का तुला?"

ते वाक्य तुमचं होतं, पप्पा. मी सात वर्षांची. कंपनीच्या जीपने आपण बारवी धरणावरून परत येतोय, मी पुढे तुमच्या शेजारी उभी आहे, वारा तोंडावर घेते आहे. झाडीतून बैल आडवा येतो. माझी हनुवटी समोरच्या पत्र्यावर फुटते, फ्रॉकवर रक्त, आणि तुम्ही मला उचलायच्या आधी ओरडता, "नीट धरून बसता येत नाही?" टाके घालतानाही मी रडले नाही, कारण चूक माझी होती. नंतर कितीतरी वर्षं कुठल्याही गाडीत बसले की आधी मी धरायला काहीतरी शोधायचे. सात वर्षांच्या पोरीने काय धरायचं होतं हो? आणि कशाच्या जोरावर?

मी गाडी कडेला घेतली. आईच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. "माझं राहू दे, तिला बघ," ती म्हणाली. बघितलं. हनुवटी वर होती, तोंड लालबुंद, आवाज खणखणीत. मग आई मान वळवून, जिथे मी कव्हर कापलं होतं, त्या बाजूला सरकून बसली आणि तिथला बेल्ट स्वतःच ओढून लावायला लागली. तिला लावता येईना. मी मागे जाऊन लावून दिला.

घरी पोचल्यावर आई बाळाला घेऊन वर गेली. मी खाली गाडीतच बसून राहिले. हे पत्र आईला दाखवायचं नाही आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून हेही लिहून टाकते. वर गेल्यावर आईने उशीर का झाला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, फोन आला होता. कुणाचाच फोन आला नव्हता. मी तुमच्यावर मनसोक्त रागवायला म्हणून तिथे बसले होते, आणि मला ते जमलं नाही.