अकरा किलोमीटर शिल्लक

३ जून, सोमवार

पुन्हा तोच वाद! आमच्या चिमुकल्या विजेच्या गाडीत समोरचा पडदा सांगतो — अजून किती किलोमीटर जाल. तो आकडा काढणं माझं काम. पण विक्रीचा प्रमुख (अख्खा कारखाना त्याला साखऱ्या म्हणतो, तोंडावर नाही) आज म्हणाला, "मॅडम, पूर्ण चार्जला एकशे चाळीस दिसले पाहिजेत." मी म्हटलं, शंभर. फार तर एकशे पाच. तर हसतोय! "आकडा कसा, माणसाला उभारी देणारा हवा."

उभारी? बॅटरी आहे, टॉनिक नव्हे!

साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि चहा मागवला. म्हणजे निर्णय नाही.

४ जून, मंगळवार

साखऱ्याचे एकशे चाळीस कुठून आले ते सापडलं. सपाट रस्ता, एसी बंद, चालवणारा एकटा. आणि बहुधा उपाशी.

६ जून, गुरुवार

अंग ठणकतंय, तरी लिहिते.

साहेबांचा हुकूम — साखऱ्याचं गणित घालून गाडी दिवसभर शहरात फिरवा. गाडी काल घरी आणली होती. सकाळी पाहते तर शेजारच्या सीटवर भार म्हणून ठेवायची वाळूची पोती वर्कशॉपातच राहिलेली! सासूबाई चप्पल घालून तयार. "मी येते की. पोत्यापेक्षा बरी सोबत होईल तुला."

सोबत म्हणजे काय! "अगं, हिला आवाजच नाही, चालू आहे ना नक्की?" सिग्नलला काच खाली करून शेजारच्या ट्रकवाल्याला सांगितलं, "आमच्या सुनेनं केलीय." मी आणि आणखी साठ जणांनी, पण असो.

दुपारी परत येताना उड्डाणपूल. पडद्यावर अकरा किलोमीटर शिल्लक. निम्मा चढ चढलो आणि गाडी गप्प. तशी ती एरवीही गप्पच असते, म्हणून कळायला जरा वेळ लागला.

सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "अकरा म्हणतेय ना ही?"

"हो."

"मग खोटं बोलतेय."

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. वाहतूक पोलीस धावत आला, एक इस्त्रीवाला सायकल टाकून आला. मी दारातून एका हातानं स्टीअरिंग धरलं, ढकलत ढकलत गाडी कडेला घेतली. पोलीस धापा टाकत आत बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही उतरलात तर हलकी होईल."

"मी भार आहे," सासूबाई म्हणाल्या. "चाचणी चालू आहे."

७ जून, शुक्रवार

साखऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "पूल हा अपवाद आहे, मॅडम." शहरात नऊ पूल आहेत!

काल हसत होते. आज आठवलं, पुलावर आपल्या अगदी मागे एक ट्रक होता. त्यानं ब्रेक वेळेत दाबला म्हणून. सासूबाई आत होत्या.

१० जून, सोमवार

माझं गणित पक्कं झालं. चढ, एसी, शेजारी एक सासू — सगळं धरून. पूर्ण चार्जला शंभर. सगळ्या पुलांवर चालवून पाहिलं. एकदाही खोटं बोलली नाही.

१३ जून, गुरुवार

हरले.

साहेब म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे हो, पण शंभर बघून लोक शोरूममध्ये पाऊल ठेवणार नाहीत." मी म्हटलं, साहेब, पुलावर मी स्वतः ढकललीय ती. तर म्हणाले, "पाठ दुखतेय का? मग दोन दिवस सुट्टी घ्या."

सुट्टी नाही घेतली. एकशे चाळीसचा आकडा मला मान्य नाही असं लिहून, सही करून फाइलला लावलं. साखऱ्यानं सगळ्यांना पेढे — नाही, केक वाटला. मी खाल्ला. चांगला होता. आणखीच राग आला.

घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सही केलीस ना? मग जेव आता."

१५ जून, शनिवार

साखऱ्या माझ्या केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं. आवाज एकदम खाली. पहिल्या गाड्यांतली एक तो आईसाठी घेतोय. ती एकटीच चालवणार.

"मॅडम... तिच्या गाडीत तेवढा तुमचा आकडा घालाल?"

घालते म्हटलं. फक्त लेखी अर्ज द्या.

दिलाय! सहीनिशी!