अठ्ठावीस मीटर

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय म्हणून लिहितो. हिचे गुडघे दुखतातच. धाकटी चाचणीत कशीबशी पास झाली, गणितात बापावर गेलीय.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरविरुद्धचा तुझा तक्रारअर्ज मिळाला. तू तपासून मागितलास, आणि पंधरा दिवस तो माझ्या टेबलावर पडून आहे. भाऊजी छाती धरून दारात पडलेले, गाडी कालव्याच्या पलीकडे थांबलेली, तू टॉवेल हलवत ओरडतेयस. पुलावरून वळसा घालून यायला त्याला पस्तीस मिनिटं लागली, तोवर भाऊजी गेले होते. ‘माणूस आंधळा होता काय,’ असं तू लिहिलंयस.

आंधळा नव्हता गं. त्याच्या मोबाइलमधला नकाशाच तुझं घर पलीकडच्या काठावर दाखवत होता. तो नकाशा आमच्या खात्याचा, आणि त्यातला तो भाग मी केलाय.

जुना कागदी नकाशा आम्ही कॉम्प्युटरवर गिरवून घेतो. कागदावर अर्धा मिलिमीटर हललं की जमिनीवर पंचवीस मीटर. त्यात तो कागद दमट कपाटात आखडलेला. म्हणून प्रत्येक घरापाशी यंत्र घेऊन जाऊन जागा तपासायची असते. तुमच्याकडची एकसष्ट घरं माझ्या वाट्याची होती. साठ घरांच्या दारात उभा राहिलो, कुत्री अंगावर घेतली. राहिलं तुझं. म्हटलं, बहिणीचं घर काय तपासायचं, ते तर डोळे मिटून सापडेल. ‘तपासलं’ अशी खूण केली आणि शेवटची बस पकडली. तुला भेटलोही नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मोजलं, अठ्ठावीस मीटरची चूक. म्हणाले, “अहो, पन्नासपर्यंत चालतं. नियमात बसतंय. उगाच कशाला अंगावर ओढून घेताय?” मी लेखी दिलं, तर कागद परत केला.

म्हणजे मी चुकलोच नाही. ड्रायव्हरला मात्र तुझा अर्ज जायच्या आधीच कामावरून काढून घरी बसवलंय. त्याच्याकडे जाऊन आलो. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, “त्या बाई समोर दिसत होत्या हो. पोहता येत असतं तर उडी मारली असती.”

सोबतच्या अर्जात त्याचं नाव खोडून माझं घातलंय. सही तुझी हवी. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही. तुझ्या घराची जागा काल दुरुस्त केली, पण आता ती कुणाच्या कामाची?

माफी मागायला तोंड नाही. उत्तर लिहू नकोस, नुसता सही करून अर्ज परत पाठवलास तरी समजेन.

त्या दिवशी तुझ्या दारापर्यंत न आलेला,
तुझा भाऊ