माझी पलीकडची बस

१२ नोव्हेंबर
मीटिंग झाली. पलीकडची बस आता होणारच. दोन देशांची माणसं एका टेबलाला बसली होती आणि मध्ये मी. म्हणजे टोकाला, कॉफीच्या किटलीपाशी, पण तिथून सगळे दिसतात. शाळेत मी चार इयत्ता शिकले, तरी बसच्या ऑफिसातल्या इल्वाबाईंना मीच समजावलं. नदी एवढीशी. अलीकडे स्वीडन, पलीकडे फिनलंड. पूल मात्र पार खालच्या गावात. माझी सायमीताई समोरच्या काठावर राहते, तिच्या चुलीचा धूर माझ्या खिडकीतून दिसतो. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, आणि माझ्या खांद्याला आता होडीची वल्ही झेपत नाहीत. दोन उन्हाळे आम्ही बहिणी नुसत्या फोनवर. इल्वाबाईंनी भराभर लिहून घेतलं. गोड मुलगी आहे, पण जेवत नसावी.
दमले. आनंदानं दमले.

२६ नोव्हेंबर
पुन्हा मीटिंग. तिकीट कुठल्या पैशांत, घड्याळ कुठलं धरायचं (पलीकडे एक तास पुढे), पार्सलं कोण उतरवणार. मी म्हटलं, सामानाची काळजी सोडा. आमचं गाव मासे, लोकरीचे मोजे, बेरीचा मुरांबा सगळं बसनंच पाठवणार. गावाला विचारलं नव्हतं, पण गाव माझ्या शब्दाबाहेर नाही.
इल्वाबाई म्हणाल्या, "आजी, मे महिन्यापासून ट्रायल घेऊ. तीन महिने माणसं मोजू, पार्सलं मोजू, मग ठरवू."
मे! मी उभीच राहिले. "बाई, या वयात मे कुणी पाहिलाय? जानेवारीत सुरू करा!" टाळ्या पडल्या. थोड्याच पडल्या, बाकीच्यांच्या हातात सँडविच होतं. जानेवारी ठरला.
शेजारचा आल्गोट पुटपुटला, "हेल्वी, जानेवारीत नदी गोठलेली असते." असते, माहीत आहे! आल्गोटला लग्नाच्या जेवणातसुद्धा खडा लागतो.

९ जानेवारी
बस आली! निळी, आत ऊब, मागे पार्सलांना जागा. मी ड्रायव्हर ताइस्तोला आमच्याकडच्या रीतीनं चीज घातलेली कॉफी दिली. तो म्हणाला, "चढा आजी, पहिला मान तुमचा." चढणारच होते, पण चुलीवर सूप होतं. शिवाय पहिल्याच दिवशी पुढे पुढे करणं बरं दिसत नाही.
दुपारी घसरगाडी काढली. पुढे खुर्ची, मागे उभं राहायचं, एका पायानं ढकलायचं, की बर्फावरून आपोआप जाते. सूप निवायच्या आत गोठलेल्या नदीवरून ताईच्या दारात. बस किती सुंदर आहे ते तिला सगळं सांगितलं.

२० जानेवारी
उद्यापासून रोज बसनं जायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

२१ जानेवारी
गेले नाही. आभाळ इतकं निळं, की बसमध्ये कोंडून घ्यायचं जिवावर आलं. बस पुलाला वळसा घालून तासभर घेते, आणि बर्फावरून मी आत्ता इथे, आत्ता तिथे. शिवाय मी गेले काय, न गेले काय. बाकीचे जातच असतील.

६ फेब्रुवारी
नदीच्या मध्यावर असताना किनाऱ्याच्या रस्त्यावरून बस गेली. ताइस्तोनं हॉर्न दिला, मीही जोरात हात हलवला. नंतर दुकानात भेटला. म्हणाला, "आजी, बर्फावरून हात हलवल्याचं तिकीट फाडता येत नाही हो." मी हसले. तो हसला नाही. थकलेला दिसतो. रिकामी बस चालवायला काय थकवा येतो, कळत नाही.

१९ फेब्रुवारी
इल्वाबाईंचा फोन. पार्सलं कशी आहेत? मी म्हटलं, भरपूर. खरंच भरपूर आहेत. ताईचे मोजे, मासे, तिच्या शेजारणीचा मुरांबा, सगळं मीच नेते, घसरगाडीच्या खुर्चीवर बांधून. आता ते बसमध्ये मोजायचं राहिलं असेल, तर ती मोजणाऱ्याची चूक.

४ मार्च
ताई आज चिडली. "अगं हेल्वी, तू तरी बस ना त्या बसमध्ये! बंद पडली तर उन्हाळ्यात मी कुणाचं तोंड बघू?"
मी समजावलं, ताई, अशी योजना मोठी असते, एका माणसानं काही होत नाही.
"मग दोघी जाऊ. नाहीतर मला चढव, मी जाते एकटी," म्हणाली. काठी घेऊन उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली आणि भिंतीला टेकली. मी तिला परत खुर्चीत बसवलं. मोजे घातले तिच्या पायात.

३१ मार्च
ट्रायलचा शेवटचा दिवस. आज मी जाणारच! चांगला कोट घातला, थांब्यावर उभी राहिले. तेवढ्यात आल्गोट बर्फावरची स्कूटर घेऊन आला. "पलीकडेच निघालोय, बैस मागे." इतक्या वर्षांचा शेजारी, नाही कसं म्हणायचं? वळणावर बस दिसली. ताइस्तोला मी दिसले नसेन. मी मान खाली घातली होती, वारा फार होता म्हणून.

२२ एप्रिल
इल्वाबाई स्वतः आल्या. बस बंद. बसलेली माणसं बहुतेक त्यांच्याच ऑफिसची होती म्हणे. अहवालात लिहिलंय, इथल्या लोकांना गरज दिसत नाही. मी म्हटलं, बघा बाई, या गावाला कशाची किंमत नाही. मी एकटीनं किती करायचं? त्यांनी कॉफी घेतली, माझ्याकडे बघत राहिल्या. शिकलेल्या माणसांचं हेच, वेळेवर बोलत नाहीत.
बर्फ आता भुसभुशीत झालाय. घसरगाडी आत ठेवली.

१७ मे
पहाटे बर्फ फुटला. दिवसभर गडगडाट, संध्याकाळी पाणी मोकळं. ताईचा धूर दिसत होता. तिचा फोन आला.
म्हणाली, "हेल्वी, आता कधी?"
मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस. मी नवी मीटिंग घ्यायला लावते, या वेळी बससोबत होडीचीही योजना...
"योजना राहू दे गं. कधी ते सांग."
मी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. जून. जुलै. पानं उलटल्याचा आवाज तिलाही ऐकू जात असणार.
"नोव्हेंबरात," म्हटलं. "थंडी लवकर पडली तर."