धुतलेल्या डिश

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६
पेशी कोऱ्या डिशवर चालतात कशा? मला सांगता येत नाही. पुस्तकाप्रमाणे पेशी वाढवायच्या डिशला आधी फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर द्यायचा. पेशी त्याला धरते, पसरते, मग सरकते. थर नाही तर पकड नाही, पकड नाही तर चाल नाही. आमच्या मरोळच्या लॅबमधल्या पेशी मात्र थर न दिलेल्या डिशवरही मजेत फिरतात. पुन्हा करून पाहिलं — तेच!
श्यामसुंदर सर खूश. "बाहेरच्यांचं पुस्तक आपण बदलणार! लेखावर तुझंही नाव."
माझं नाव. छापून!

बुधवार, ५
बाबांना सांगायला नको होतं. घाटकोपरला आमच्या कोपऱ्यावर मंडळाचा फळा आहे. त्यावर रंगीत खडूनं — "कु. राधा भीमराज हिने परदेशी शास्त्रज्ञांना चूक ठरवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट, हे वेगळं, खाली.
शेजारच्या सुंदरामावशी म्हणाल्या, "चालत्यात तर चालू दे की. तुला पर्मनंट कधी करणार?"

शुक्रवार, ७
एक डिश तडकली. दुसरी धुतलेली नव्हती, म्हणून कपाटातलं नवं पाकीट फोडलं. परदेशात डिश एकदा वापरून फेकतात, आम्ही धुऊन पुन्हा पुन्हा वापरतो — सर हे प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं सांगतात.
नव्या डिशमध्ये एकही पेशी चिकटली नाही. सगळ्या गोल, तरंगत.
सर म्हणाले, "ती डिश खराब असणार."
नवी तेवढी खराब!

शनिवार, ८
आणखी नव्या डिश घेतल्या. सगळ्या 'खराब'. म्हणजे साबणानं प्रथिन पुरतं निघतच नाही. मागच्या प्रयोगाचा थर धुतलेल्या डिशला राहतो, आणि पेशी त्यावरच चालतात. पुस्तक बरोबर आहे. शोध आमच्या काटकसरीचा!
आमच्या सीनियर नलिनीताईंना सांगितलं. "गप बस गं. सोमवारी लॅब तपासायला समितीचे लोक येतायत. तुझी नोकरी त्यांच्याच सहीवर ना?"
"पण सरांना परत एकदा —"
"काल सांगितलंस ना? झालं तर!"

रविवार, ९
बाबा म्हणाले, "उद्या साहेबलोकांसमोर घाबरू नको. खरं ते सांगायचं." खरं काय, ते त्यांना सांगायचा धीर झाला नाही. संध्याकाळपर्यंत फळ्यावर आणखी दोन ओळी वाढल्या.

सोमवार, १०
सरांनी बजावलं होतं — मायक्रोस्कोपखाली चांगली धुतलेली डिश ठेव. समितीचे थोरले गृहस्थ वाकले, बराच वेळ बघत राहिले. "अहो, यात तर एकही चिकटलेली नाही!"
नवी होती. मीच ठेवली.