रांगेतला भागाकार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. इथली फरशी आठवडाभर पुसलेली नाही; खरोखरचा घातला तर साडी धुवावी लागेल आणि ते परवडणारं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होती, जिना चढताना तू इतका कण्हतोस की खालचे शेजारी दार उघडून बघतात. तेल चोळत जा. आम्ही मजेत. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पाकीट फोडतानाच तुझ्या कपाळाला आठ्या पडतील.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून तू टँकरचं जे वेळापत्रक आखतोस, त्यात आमच्या गल्लीला अकराची वेळ आहे. अकराला माझा गणिताचा तास. त्यातून गल्लीचा कायदा असा की नंबर भांड्याचा नाही, माणसाचा. (पूर्वी लोक हंडे ठेवून घरी जायचे. मग एक हंडा आपोआप पुढे सरकला आणि जे भांडण झालं त्यात दोन कळश्या कायमच्या चेपल्या.) आईबाप कामावर, तेव्हा जिवंत माणूस म्हणून उभं राहायला उरतात पोरी. मुलगे पाणी सांडतात, अशी त्यांनी स्वतःची ख्याती मोठ्या शिताफीने करून ठेवली आहे. म्हणजे माझ्या वर्गात भागाकार शिकायला नुसते सांडणारे उरले.

शेवटी मी वैतागून वर्गच रांगेत नेला. इस्त्रीवाल्याच्या भिंतीला फळा टेकवला आणि सुरू केलं. पण रांग म्हणजे काही बाक नव्हे, ती सरकते. ज्यांनी गणित ऐकलं त्या हंडा भरून घरी गेल्या, आणि उत्तर मिळालं ते मागून आलेल्यांना, ज्यांना गणितच ठाऊक नव्हतं. एका मावशींना तर भागाकार इतका आवडला की पाणी भरून झालं तरी हलेनात, मग मागून त्यांचा उद्धार झाला.

त्यातच शाळा तपासायला मोठे साहेब आले. वर्ग रिकामा बघून शिपायाने त्यांना रांगेकडे धाडलं. साहेब तरातरा थेट फळ्यापाशी निघाले, तर बायका ओरडल्या, "ओ, मागे! नंबर लावा!" मी तपासणीला आलोय म्हणाले, तर "मागे उभं राहून तपासा!" बिचारे उभे राहिले. (बुटात चिखल गेला. पाण्याचा एवढा दुष्काळ, पण चिखल मात्र मुबलक.) तिथूनच त्यांनी भिंगरीला फळ्याशी बोलावलं. भिंगरी म्हणजे माझी सगळ्यात हुशार पोर. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. ती जागची हलली नाही. "इथूनच सांगते सर, नंबर जाईल," म्हणाली, अचूक उत्तर दिलं आणि वर विचारलं, "तुमची कळशी कुठंय?"

साहेब हसले. जाताना मात्र मला बजावलं, रस्त्यावर वर्ग पुन्हा दिसता कामा नये, आणि या मुलीला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवाच. तिथे म्हणे नळाला दिवसभर पाणी असतं. परीक्षा येत्या शनिवारी, शाळेच्याच हॉलमध्ये, बरोबर अकराला. उशिरा येणाऱ्याला दार बंद. दादा, इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी पोर मी पाहिली नाही. एका हंड्यापायी तिची परीक्षा हुकली तर मला वाईट वाटेल. वाटेल कसलं, मी रडेन.

असो. वहिनीला नमस्कार, चिमण्यांना गोड पापा. मागायचं काहीच नाही.

तुझी,
बाई (आता तर आमचे हेही मला बाईच म्हणतात)

ता. क. शनिवारच्या दिवशी आमचा टँकर दुपारी पाठवता येईल का रे?

ता. क. वरचा ता. क. खोडून टाक. भिंगरीला सांगितला तर ती म्हणाली, "बाई, मग अकराला तो टँकर वरच्या आळीत जाईल. तिथल्या पोरीपण परीक्षेला आहेत की." (बघ! मला हे सुचलं नाही, आणि वेळापत्रक आखणाऱ्याला तरी कुठे सुचलं?)

ता. क. तेव्हा आता असं ठरलंय. परीक्षेला बसणाऱ्या आमच्या पोरींच्या जागी रांगेत मोठ्यांनी उभं राहायचं. आमचे हे एकीसाठी, इस्त्रीवाला दुसरीसाठी, भागाकारवाल्या मावशी तिसरीसाठी. मी हॉलवर. भिंगरीची जागा तेवढी रिकामी आहे. शनिवारी तुझ्या ऑफिसला सुट्टी असते, टँकरला नसते. पहिल्या बसने निघ. हंडा ती देईल. वेळापत्रक तू आखतोस हे रांगेत कुणाला सांगू नकोस, जीव प्यारा असेल तर. आणि गुडघ्याचं निमित्त अजिबात चालणार नाही. भिंगरीच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेत, तरी काल ती काठी टेकत मला सांगायला आली होती की शनिवारी नातीच्या जागी मीच उभी राहते.