हरणाच्या पोत्यातलं पांढरं मीठ

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

बरणी आली! कवठे महांकाळहून थेट साताऱ्याला, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. लोणच्याची बरणी, आत पांढरं मीठ, तोंडाला फडकं. फडक्यावर हरणानं कोळशानं फुली मारलीय. विष म्हणून! माझी बहीण म्हणजे एक नमुनाच.

भानगड अशी. हरणाच्या द्राक्षबागेत पानं पिवळी पडायला लागली, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट फवारलं. दोनशे लिटरला दोन किलो, काट्यावर तोलून. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आता शेडमध्ये पोती दोन: एक मॅग्नेशियमचं, एक झिंकचं. दोन्ही मिठं पांढरी, जुळ्या भावांसारखी. दिवाळीत गेलो तेव्हा ओल धरून दोन्हींची ढेकळं झाली होती. मीच ती कोरडी ठणठणीत करून नव्या पोत्यांत भरली, गळ्यात चिठ्ठ्या बांधल्या. चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. आणि फवारणीच्या दिवशी मीठ काढून दिलं सूनबाईनं, दीपमालानं. झालं! "दादा, तिनं झिंक दिलं, माझी बाग जाळली!" फोनवर माझा कान बधिर झाला. त्याच पोत्यातलं मीठ तिनं बरणीत धाडलंय.

दीपमाला रविवारपासून माहेरी, उंब्रजला. खरं निघाल्याबिगर उंबरा ओलांडू नको, असं हरणानं बजावलंय. नवरा तिचा, वीरधवल, पठाणकोटला पलटणीत. त्याचा फोन: "मामा, आई ऐकत न्हाई, ही रडतीया. तुमीच काय ते बघा."

बघतो की! चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत शिपाई होतो. परीक्षेला पोरांपुढे अनोळखी क्षार ठेवायचा तो मीच. शिक्षण आठवी. पण नळ्या धुता धुता सगळं शिकलो. चोर सोडून संन्याशाला सुळी — हे माझ्या घरात चालायचं नाही.

५ डिसेंबर

कॉलेजात गेलो. प्रयोगशाळा आता स्वप्ना मॅडमकडे. विद्यार्थिनी असताना तिनं तीन ब्युरेटी फोडल्या होत्या, अजून माझ्या लक्षात आहेत! "आबा, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी बर्नरची ज्योत तुमच्यासारखी कुणाला लागत नाही." मी म्हटलं, "आणि ब्युरेट तुमच्यासारखी कुणाला फुटत न्हाई." हसली. टेबल मोकळं करून दिलं.

आधी मीठ कोरड्या नळीत तापवलं. दुकानातलं मीठ सात पाण्याचं, म्हणजे कणाकणात पाणी बांधलेलं; ते असं तापलं की स्वतःच्याच पाण्यात उकळतं, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात. इथं नावाला दमटपणा. असू दे, थंडीची हवा कोरडी आहे.

मग पाण्यात विरघळवून कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं, थेंब थेंब. पांढरा गाळ. तो दोन्हींत पडतो. खरी गंमत पुढं — कॉस्टिक जास्त ओतलं की झिंकचा गाळ विरघळून पाणी नितळ होतं. ओतलं. ओतलं. आणखी ओतलं. गाळ ढिम्म हलला नाही!

तरी कोळशावर घेतलंच. कोळशात खड्डा, खड्ड्यात मीठ आणि सोडा, फुंकणीनं ज्योत वळवून तापवायचं, मग कोबाल्टचा थेंब टाकून पुन्हा फुंकायचं. झिंक असेल तर हिरवं. मॅग्नेशियम असेल तर गुलाबी. गाल दुखले, पण फुंकलं. फिकट गुलाबी! बारशाच्या टोपड्यासारखं!

मॅडमनं स्वतः बघितलं. मॅग्नेशियमच. दीपमालानं दिलं ते बरोबर दिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

६ डिसेंबर

हरणाला फोन.

"मॅग्नेशियम हाय. पोरीनं बरोबर दिलं."

"मग पानं काय तुझ्या त्या नळीनं जाळली व्हय?"

"ते बघू. पण तिला आधी घरी बोलाव."

हरणा नरमली. मग म्हणाली, "मी लय बोलले रं तिला." आणि फोन ठेवला. हरणानं एवढं कबूल करणं म्हणजे डोंगर हलणं.

लगेच उंब्रजला फोन लावला. वाटलं, पोर आनंदानं उडी मारील. पण ती म्हणाली, "मामा, तुमी एवढं केलंत, बरं वाटलं. पण पानं जळली ती जळलीच की. आज झिंक न्हवतं म्हनून सुटले. उद्या आत्याबाई म्हनतील, माप चुकवलं. परवा म्हनतील, हातच वाईट. बाग कशानं जळली ते निघू द्या. तवाच येते."

बरोबर बोलली. मान गेल्यावर नुसतं 'सुटलीस' म्हणून भागत नाही. ठीक आहे! नावावरचा डाग निघाला, आता खरा गुन्हेगार काढतो.

७ डिसेंबर

रविवार. कॉलेज बंद. काही सुचलं नाही. दाढी केली.

८ डिसेंबर

आज वजनाचं काम, मिठात पाणी किती ते बघायचं. पाच ग्रॅम मीठ क्रुसिबलमध्ये, चिनीमातीच्या मुशीत घालून लालबुंद तापवलं, गार केलं, तोललं. हिशेब मला तोंडपाठ: सात पाण्याचं असेल तर निम्म्याहून जास्त उडून जातं, पाचाचे उरतात जेमतेम अडीच ग्रॅम. उरले चार पॉइंट पस्तीस!

म्हटलं काटा बिघडला. दुसऱ्या काट्यावर तोललं — तेच. पुन्हा नवं मीठ घेतलं, पुन्हा तापवलं — चार पॉइंट छत्तीस.

मॅडमनं कागदावर भागाकार केला. "आबा, ह्यात सातातलं एकच पाणी राहिलंय. सहा आधीच गेलीत. म्हणजे दोन किलो तोललं तरी, पाण्याचं वजन नसल्यानं, औषध पडलं साडेतीन किलोचं. पानं करपायचीच!"

वा! सापडलं! मी टेबलावर थाप मारली, दोन नळ्या लोळल्या. (फुटल्या नाहीत.) म्हणजे दीपमालाचं मीठ बरोबर, हरणाचा काटा बरोबर, माप बरोबर. मिठातलं पाणीच गायब!

"दुकानदारच लबाड मॅडम. सुकलेला माल दिला."

मॅडम म्हणाली, "नुसतं सुकून सहा जात नाहीत, आबा. आणि तुम्हीच म्हणालात ना, पोत्याला ओल होती, ढेकळं होती? कुणीतरी चांगलं चुलीवर तापवलेलं दिसतंय."

"कोन तापवंल? येडं हाय का कुनी?" मी म्हणालो.

येताना हरणासाठी सातारी कंदी पेढे घेतले. उद्या तिला सगळं सांगतो, मग त्या दुकानदाराकडे बघतो.

९ डिसेंबर

सकाळी शेंगा भाजायला काढल्या. लोखंडी कढई चुलीवर ठेवली आणि हात तिथंच थांबला.

फोन केला नाही. शेंगा तशाच आहेत.

१० डिसेंबर, बुधवार

चोर सापडला. दिवाळीच्या पाडव्याला हरणाच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून, तिच्या शेंगा भाजायच्या मोठ्या कढईत दोन्ही पोत्यांचं मीठ मी भाजलं होतं — मी! बुडबुडे येऊन थांबेपर्यंत, दगडासारखं होईपर्यंत. मग वरवंट्यानं कुटून पीठ केलं. प्रयोगशाळेतली सवय, ओल दिसली की कोरडं करायचं. दीपमाला शेजारी जाळ सारत होती. म्हणाली, "मामा, ह्यातलं पानी गेल्यावर माप कमी करावं लागंल का वो?" आणि मी हसून म्हणालो होतो, "पोरी, चौतीस वर्षं मीठ हाताळलंय मी!"

पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकलाय. आधी उंब्रज, मग तिला घेऊन हरणाच्या दारात. दोन्हीकडे बोलणार मीच.